प्रतिपिंडाने आवरलेली कर्कपेशी

परळच्या हाफकिन संस्थेमुळे सर्पदंशावरचे प्रतिविष आपल्या परिचयाचे आहे. घोड्याला सापाचे विष अत्यल्प मात्रेत टोचत राहायचे. त्याच्या रक्तात विषाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, ती काढून रुग्णाला द्यायची. ही प्रतिपिंडे कोणाला मारीत नाहीत. विषाच्या रेणूला जाऊन चिकटतात, आणि मग त्या रेणूला आपले काम करता येत नाही. असाच अटकाव कर्कपेशीला केला तर?

हे पाहायचे तर आधी पेशी शरीराबाहेर जगवता आल्या पाहिजेत. आपल्याकडे ते तंत्र रुजवले डॉ. कमल रणदिवे यांनी. मूळच्या पुण्याच्या कमलताई उंदरांतील स्तनकर्करोगावर संशोधन करीत. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात काम करून आल्यावर त्यांनी परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातील पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभारली.

पण बशीत वाढवलेल्या पेशींची एक अडचण असते, आणि ती आम्हा प्रयोगशाळेतल्या माणसांच्या ध्यानात फार उशिरा आली. प्लॅस्टिकच्या तळावर पसरलेली निरोगी स्तनपेशी आणि कर्कपेशी बऱ्याचशा सारख्याच दिसतात. शरीरात मात्र पेशी सपाट तळावर नव्हे, प्रथिनांच्या मऊ जाळीत बसलेली असते. कॅलिफोर्नियातील मिना बिसेल यांनी पेशी तशाच जेलीत वाढवल्या. निरोगी पेशींनी दुधाच्या ग्रंथीतल्यासारखे इवले, नेटके गोल रचले आणि वाढ थांबवली. कर्कपेशींचा मात्र अस्ताव्यस्त, वाढतच जाणारा गोळा झाला.

पेशी या जाळीला धरते ती इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांनी. ही नुसती पकड नव्हे. बाहेरचा निरोप आत पोहोचवणारी तारही तीच. कर्कपेशींवर बीटा-1 इंटिग्रिन प्रमाणाबाहेर होते. 1997 मध्ये व्हॅलरी वीव्हर, बिसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला अडवणारे प्रतिपिंड जेलीत सोडले. कर्कपेशींची वाढ थांबली, आणि त्यांनीही निरोगी पेशींसारखे गोल रचले! अशा पेशी उंदरांना टोचल्यावर गाठीही कमी आणि लहान झाल्या.

वर्गात शिकवताना येथे थोडे थांबावे. या पेशींची जनुके दुरुस्त झाली नव्हती. सगळे बिघाड जागच्या जागी होते. बदलला होता तो बाहेरून येणारा निरोप. ‘जनुक बिघडले म्हणजे कर्करोग’ हे आपले नेहमीचे वाक्य त्यामुळे चूक ठरत नाही, अपुरे ठरते. आणि प्रतिपिंड काढून घेतल्यावर त्याच पेशी पुन्हा बेबंद वाढू लागल्या.

रुग्णाला देता येईल असे औषध या प्रयोगातून अजून निघालेले नाही. बीटा-1 इंटिग्रिन आपल्या जवळजवळ सर्व निरोगी पेशींवरही असते. ते सरसकट अडवून कसे चालेल? 1998 पासून वापरात असलेले ट्रास्टुझुमॅब हे प्रतिपिंड काही स्तनकर्करोगांत पेशीवरच्या ‘हर-2’ प्रथिनाला अडवते. पण ते पेशीला वळणावर आणण्यासाठी दिले जात नाही. ते वाढीचा निरोप तोडते आणि शरीरातल्या रक्षक पेशींना तिला मारण्यासाठी बोलावते.