वाया जाणाऱ्या उष्णतेवर धावणारी गाडी

एक लिटर पेट्रोल पूर्ण जाळायचं तर सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. पंपावर आपण पैसे मोजतो ते पेट्रोलचे, पण इंजिनाची खरी भूक हवेची असते. पेट्रोल हवं तेवढं सोडता येतं. हवा मात्र सिलिंडरमध्ये मावेल तेवढीच येते. म्हणून ताकद वाढवायचे दोनच रस्ते उरतात: इंजिन मोठं करा, नाहीतर आहे त्याच जागेत जास्त हवा कोंबा.

टर्बोचार्जर दुसरा रस्ता धरतो. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जवळजवळ तिसरा हिस्सा गरम वायूंबरोबर सायलेन्सरमधून बाहेर निघून जातो. हे वायू जाता जाता एक छोटं चक्र फिरवतात. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक चक्र असतं, ते बाहेरची हवा ओढून इंजिनात दाबतं. जे वाया जाणार होतं, तेच इंजिनाला पुन्हा खाऊ घालतं. स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. 1918 साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी टर्बो लावलेलं विमानाचं इंजिन चौदा हजार फुटांहून उंच पाइक्स पीक डोंगरावर नेलं आणि विरळ हवेतही त्याची ताकद टिकते हे दाखवून दिलं. साध्या मोटारीत टर्बो आला तो मात्र 1962 साली, ओल्डस्मोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्वेअर या अमेरिकन गाड्यांमधून.

कल्पना आणि मोटार यांच्यात एवढी वर्षं का गेली? एक मोठं कारण उष्णता. पूर्ण जोरात चालणाऱ्या पेट्रोल इंजिनाचे वायू नऊशे अंश सेल्सिअसपर्यंत आणि त्याच्याही पुढे तापतात, टर्बोचं चक्र लालभडक होतं. तो दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो आणि फिरताना धातूवर टेकत नाही, केसाहून पातळ अशा तेलाच्या थरावर तरंगतो. हे यंत्र वर्षानुवर्षं, रोज सकाळी ऑफिसला जाताना चालवायचं. जुनी टर्बो स्पोर्ट्स कार रोजच्या वापरासाठी घ्यावी की नाही, या प्रश्नाचा गाभा इथे आहे: या गाडीतली उष्णता आजवर नीट सांभाळली गेली का?

हे समजून घ्यायला पोर्शे 944 टर्बोसारखी दुसरी गाडी नाही. ती 1985 साली आली आणि जर्मनीतल्या नेकार्सुल्म इथल्या आउडीच्या कारखान्यात बनत असे. आज युरोप-अमेरिकेत हौशी लोक जुन्या बाजारात ती शोधत असतात. अडीच लिटरचं, फक्त चार सिलिंडरचं इंजिन. टर्बो नसलेल्या 944 मध्ये त्याच मापाचं इंजिन सुरुवातीला 163 अश्वशक्ती देत होतं. टर्बोसह ते 220 वर गेलं, गाडी ताशी 245 किलोमीटरपर्यंत पोचली.

या गाडीचं बॉनेट उघडून एकेक भाग पाहिला की थक्क व्हायला होतं, कारण जवळजवळ प्रत्येक भाग उष्णतेला दिलेलं उत्तर आहे. वायू बाहेर पडतात त्या वाटांना सिलिंडर हेडच्या आत चिनी मातीसारख्या सिरॅमिकचं अस्तर आहे. वायूंची उष्णता हेडमध्ये न झिरपता टर्बोपर्यंत पोचावी म्हणून. टर्बो इंजिनाच्या दुसऱ्या बाजूला, हवा आत येते त्या अंगाला खाली बसवलाय आणि वायू इंजिनाखालून जाणाऱ्या नळीने त्याच्यापर्यंत येतात. दाबलेली हवा तापते आणि तापली की विरळ होते, म्हणून पुढे नाकाशी इंटरकूलर आहे, तो ती गार करून मगच आत सोडतो.

सगळ्यात सुंदर भाग तर गाडी बंद केल्यावर कामाला लागतो. इंजिन थांबलं की तेलाचं वाहणं थांबतं, पण तापलेल्या चक्राची उष्णता हळूहळू दांड्यावरून बेअरिंगकडे सरकते. तिथे अडकलेलं तेल करपून त्याचा कोळसा होतो, आणि बरेच जुने टर्बो असेच मेले. 944 टर्बोत बेअरिंगभोवती पाणी खेळवलंय आणि त्यासाठी वेगळा छोटा विजेचा पंप आहे. किल्ली फिरवून गाडी बंद केली तरी हा पंप काही सेकंद चालू राहतो. गाडी घ्यायला गेलात तर चांगली चालवून आणा, बंद करा, बॉनेट उघडा आणि कान द्या. बारीक गुणगुण ऐकू आली पाहिजे. ती नसेल, तर पंप कधीपासून बंद आहे आणि तोवर टर्बोने काय सोसलं, हे विक्रेत्याला विचारा.

दुसरी खूण समोरच आहे. स्पीडोमीटरशेजारच्या आरपीएमच्या तबकडीत हवेच्या दाबाचा एक छोटा काटा असतो. बाहेरच्या हवेचा दाब तो 1 बार दाखवतो. मूळ स्थितीतल्या गाडीत तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पाय दिला, की काटा साधारण 1.7 बारच्या आसपास चढला पाहिजे. बराच खाली राहिला, तर कुठलीतरी रबरी नळी फाटलेली असते किंवा जादा दाब सोडणारी झडप गळत असते. बराच वर गेला, तर कोणीतरी जास्त ताकदीच्या हौसेने इंजिनात फेरफार केलेत. अशी गाडी रोजच्या वापरासाठी घेऊ नका.

तिसरी गोष्ट रबराची. या इंजिनात टायमिंग बेल्ट तुटला, तर पिस्टन वॉल्व्हवर आदळतात आणि अख्खं हेड जातं. जोडीला दुसरा बेल्टही आहे. एवढे मोठाले चार सिलिंडर म्हणजे थरथर आलीच, म्हणून पोर्शेने मित्सुबिशीकडून परवाना घेऊन दोन बॅलन्स शाफ्ट बसवले. ते इंजिनाच्या दुप्पट वेगाने, एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात आणि थरथर खाऊन टाकतात. हा दुसरा बेल्ट चुकीच्या दात्यावर बसवला, की तीच गाडी हातात झणझणायला लागते. रबर किलोमीटर मोजत नाही, वय मोजतं. गाडी गॅरेजमध्ये झाकून ठेवली तरी बेल्ट, नळ्या आणि ऑइल कूलरची सीलं कडक होतच राहतात. क्लच प्लेटच्या मध्यभागीही रबर आहे आणि गिअरबॉक्स मागच्या चाकांजवळ असल्याने क्लच बदलायला गाडीचा बराच भाग मागून खाली उतरवावा लागतो. ते काम झालंय की तुमच्या वाट्याला येणार, हे भाव ठरवण्याआधी कळलं पाहिजे.

मग अशी गाडी रोज चालवता येते का? येते, आणि फार छान चालते. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांखाली ती शांत, साधी गाडी असते, थोडी सुस्तही. सिग्नलवर, गर्दीत ती तुम्हाला दमवत नाही. साडेतीन हजारांवर तिचं टॉर्क कमाल होतं आणि पाठीत हलका हात बसल्यासारखी ती पुढे झेपावते. इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागे, त्यामुळे वजन जवळजवळ निम्मं-निम्मं वाटलेलं, म्हणून वळणावर तोल सुरेख राहतो. मागची सीट पाडली, की आठवड्याचा बाजार आरामात मावतो. 1987 पासून अमेरिकेतल्या 944 टर्बोला चालक आणि शेजारचा, दोघांनाही एअरबॅग मिळाली, तीही जादा पैसे न घेता.

सवयी मात्र लावून घ्याव्या लागतात. इंजिन गरम होईपर्यंत पाय हलका ठेवायचा. घर जवळ आलं, की शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश यायचं. तेल वेळेआधी बदलायचं. फक्त दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या टाळायच्या, कारण तेल पुरतं तापत नाही आणि त्यातला ओलावा उडून जात नाही. हे नियम फक्त पोर्शेसाठी नाहीत. आज चाकणच्या कारखान्यातून एक लिटरच्या टर्बो पेट्रोल गाड्या बाहेर पडतात आणि पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर धावतात. काही वर्षांनी त्याच सेकंडहँड बाजारात येतील, तेव्हाही पारख याच गोष्टींची करावी लागेल.

माझं मत स्पष्ट आहे. कमी किलोमीटर झालेली पण दहा वर्षं उभी असलेली गाडी आणि जास्त धावलेली पण दरवर्षी सर्व्हिसची बिलं जपून ठेवलेली गाडी, यांत दुसरीच घ्या. खरेदीच्या किमतीशिवाय बेल्ट, नळ्या आणि क्लचसाठी वेगळे पैसे बाजूला काढून ठेवा. जाणत्या मेकॅनिकला बरोबर न्या आणि सिलिंडरचा दाब तपासून घ्या. एवढं केलंत, तर निर्धास्तपणे घ्या, आणि ती रोज चालवा.