गाडी मागून बसते तेव्हा



तीन वर्षांपूर्वी एका लग्नाहून आम्ही रात्री बार्शीहून सोलापूरला परतत होतो. गाडी आमची जुनी ओम्नी. आत आम्ही सातजण आणि मागे सामान. समोरून येणारा जो तो मला डिपर देत होता. माझे दिवे खालच्या झोतावरच होते, म्हणून मी त्यांनाच मनातल्या मनात बोल लावत होतो. एका वळणावर एक मोटारसायकलवाला डोळे दिपून थेट कच्च्यात उतरला. नशीब, पडला नाही. मी धावत गेलो, तर म्हणाला, "साहेब, दिवे आभाळाला लावलेत का?"

वळून पाहिलं. गाडीचं तोंड वर आणि शेपूट खाली. अम्मी कितीतरी दिवसांपासून सांगत होती, "गाडी पीछे बैठ गई रे." आम्ही गझल लिहिणारे शब्दांच्या वजनाची फार काळजी करतो. गाडीतल्या वजनाची मी कधी केली नव्हती. मागे गॅसची टाकी होती, आणि माझ्या न खपलेल्या संग्रहांचे दोन गठ्ठे दोन वर्षं तिथंच पडून होते.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींकडे गेलो आणि ऐटीत सांगितलं, "शॉकअप बदला." ते हसले. ते का हसले, तेच आज सांगायचं आहे.

गाडीचं वजन शॉकअप पेलत नाही. ते पेलते स्प्रिंग. काही गाड्यांत ती वेटोळ्याची असते. 1984 साली आलेल्या आणि 2019 साली उत्पादन थांबलेल्या ओम्नीला मागे पोलादी पाटे असतात, एकावर एक रचून कमानीसारखे वाकवलेले. शॉकअपचं काम वेगळं. खड्ड्यातून गेल्यावर स्प्रिंग वरखाली नाचत राहते, तो नाच थांबवायचा. त्याच्या आतलं तेल बारीक छिद्रांतून जातं आणि उसळीची ताकद उष्णतेत जिरते. थोडक्यात, स्प्रिंग उचलते आणि शॉकअप शांत करतो. बसलेल्या गाडीला नुसते नवे शॉकअप घातले, तर ती शांतपणे बसलेलीच राहते.

ओळखायचं कसं? गाडी रिकामी करा, सपाट जागी उभी करा, हवा बरोबर भरा. चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. एका बाजूला कमी भरलं, किंवा पाट्यांची कमान सरळ झालेली दिसली, तर दोष पाट्यांचा. मग मागचा कोपरा दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन स्थिरावली तर शॉकअप ठीक. डुलतच राहिली, किंवा शॉकअपवर तेल ओघळलेलं दिसलं, तर तोही गेला.

पोलाद आपल्या मर्यादेत वाकतं तोवर वजन उतरताच पूर्ववत होतं. मर्यादेपलीकडे पुन्हा पुन्हा वाकवलं, वर गंज चढला, की थोडा वाक कायमचा राहतो. गंमत म्हणजे पाट्याचा कडकपणा फारसा जात नाही, जाते ती उंची. उंची गेली की खाली दबायला जागा उरत नाही, आणि गतिरोधकावर धाडकन आवाज येतो.

उपाय तीन. पहिला, जुने पाटे ठोकून पुन्हा कमान द्यायची. स्वस्त आहे, पण टिकेलच असं नाही. पाटा गॅसच्या ज्योतीवर लाल करून वाकवला, तर पोलादाचं पाणीच उतरतं. तसं कुणाला करू देऊ नका. दुसरा, जादा पाटा घालायचा. इथं एक हिशेब लक्षात ठेवा. सारख्याच लांबी-जाडीच्या तीन पाट्यांत तसाच चौथा घातला, तर कडकपणा साधारण एकतृतीयांशाने वाढतो. पण दुप्पट जाडीचा एकच पाटा एरवीच्या एका पाट्यापेक्षा आठपट कडक असतो. 'जाड घाला' म्हणणाऱ्यांची गाडी मग रिकामी असताना बैलगाडीसारखी आदळते. वेटोळ्याच्या स्प्रिंगमध्ये रबराची कडी बसवतात, त्यातही हेच होतं. काही वेटोळी जखडली जातात आणि उरलेली कडक होतात.

तिसरा उपाय म्हणजे मूळ मापाचे नवे पाटे, आणि तेही दोन्ही बाजूंना. एकच बदलला तर गाडी कलते. मिस्त्रींनी मला हाच सुचवला. सोबत रबरी बुश आणि यू बोल्टही बदलले, शॉकअप थकलेले होते म्हणून त्यांची जोडीही. बुशांचे नट त्यांनी गाडी जॅकवर असताना नुसते लावून ठेवले आणि चाकांवर उतरवल्यावरच आवळले. लटकत्या गाडीत आवळले, तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. काही दिवस गाडी चालल्यावर यू बोल्ट पुन्हा तपासून घ्या, असंही त्यांनी बजावलं.

शेवटी त्यांनी गाडी भिंतीसमोर उभी करून दिव्यांचा झोत जुळवला. मागून गाडी दबली की झोत वर जातो, शिवाय पुढच्या चाकांवरचा भार घटून स्टिअरिंग हलकं पडतं. म्हणजे गाडी बसणं हा केवळ पाठ दुखण्याचा प्रश्न नाही. समोरून येणाऱ्याच्या जिवाचाही तो प्रश्न आहे.

पण नवे पाटे म्हणजे जास्त माल भरायची परवानगी नव्हे. गाडीची भारक्षमता ठरते ती ब्रेक, टायर, ॲक्सल या सगळ्यांवर, आणि ते तेच राहतात. मी गठ्ठे उतरवून घरी नेले. आता ते पलंगाखाली आहेत. लांबच्या प्रवासाला निघताना सगळे बसल्यावर मी एकदा खाली उतरतो आणि गाडी बाजूने पाहतो. अम्मी विचारते, "क्या देखता है?" मला मात्र तो मोटारसायकलवाला आठवत असतो.