शून्यबिंदूची राखण

प्रकाशतंतूतून धावणाऱ्या १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाची सेकंदास सुमारे १९३ लक्ष कोटी आंदोलने होतात, आणि कोहेरंट दळणवळणात संदेश नुसत्या उजेड-अंधारावर न सोपवता त्या आंदोलनांच्या कलेवरही कोरला जातो. हे काम ज्या मॉड्युलेटरकडे असते, त्याची मूळ रचना लुडविग झेंडर व लुडविग माख यांनी १८९१-९२ मध्ये मांडलेल्या व्यतिकरणमापकाची आहे. लिथियम नायोबेटच्या स्फटिकात प्रकाश दोन वाटांनी विभागला जातो, आणि त्यांवर व्होल्टेज लावताच अपवर्तनांक पालटून, अवघ्या काही व्होल्टांत, दोन्ही प्रवाहांतील अंतर अर्ध्या तरंगाने सरकते व उजेडाचा अंधार होतो.

संदेशाने ज्या स्थिर व्होल्टेजावर उभे राहावयाचे, ते बायस मात्र जागचे हलते. उष्णतामानातील चढउतार, स्फटिकावर साचणारा विद्युद्भार, इलेक्ट्रोडखालील ऑक्साइडच्या थरात सावकाश सरकणारे आयन, यांमुळे सकाळी अचूक असलेला आकडा सायंकाळपर्यंत गैरलागू ठरू शकतो. दोन ध्रुवीकरणे वापरणाऱ्या मॉड्युलेटरात असे सहा बायस असतात: चार शून्यबिंदूवर, म्हणजे संदेश नसताना प्रकाश पूर्ण मावळेल तेथे, आणि दोन, प्रकाशाच्या दोन शाखांमधील कलेचे अंतर राखण्यासाठी, नव्वद अंशांवर. पहिले ढळले तर निरुपयोगी वाहक प्रकाश झिरपू लागतो. दुसरे ढळले तर ग्राहकाकडील चिन्हांचा चौरस तिरका होतो.

यावरचा बंदोबस्त मला विलक्षण सुंदर वाटतो. बायसमध्ये काही किलोहर्ट्झचे अतिसूक्ष्म कंपन मुद्दाम मिसळतात आणि बाहेर पडणाऱ्या प्रकाशात त्याचा माग फोटोडायोडने घेतात. बायस शून्यबिंदूवर असेल तर मूळ कंप्रता नाहीशी होऊन केवळ तिची दुप्पट उरते; बिंदू ढळताच मूळ कंप्रता पुन्हा उमटते, आणि तिच्या चिन्हावरून चूक कोणत्या बाजूस झाली याचीही खातरजमा होते. नव्वद अंशांसाठी दोन शाखांना निरनिराळी कंपने देऊन त्यांच्या बेरजेची वा वजाबाकीची कंप्रता लोप पावेपर्यंत बायस हलवतात.

यातही एक पेच आहे. द्विस्तरीय संदेशाचा झोका त्या अर्धतरंगी व्होल्टेजाहून मोठा झाला, की सरासरी प्रकाशाचा उतार उलटतो, चूक दाखवणारे चिन्ह उलटते आणि नियंत्रक शून्यबिंदूकडे जाण्याऐवजी त्यापासून दूर पळू लागतो. म्हणून संदेशाच्या झोक्याचा हिशेब त्याच्या हाती आधीच द्यावा लागतो.