कापल्यानंतरची जागा

महर्षी कर्व्यांनी १९०० साली पुण्याजवळच्या हिंगण्याच्या माळावर झोपडी बांधली, तेव्हा भोवताली शेतं होती आणि नदीकाठची शेती पुढेही कितीतरी वर्षं टिकून होती. आज तिथे कर्वेनगरच्या सोसायट्या आहेत. शेतकरी हटले, गवंडी आले, वेल्डर आले, दिवसभर दुचाकीवरून पार्सलं पोहोचवणारी मुलं आली. उन्हात राबणारी माणसं मात्र प्रत्येक पिढीत राहिली. त्यांच्यातल्या काहींच्या डोळ्यात नाकाच्या बाजूने एक लालसर, मांसल त्रिकोण बुबुळाकडे सरकत येतो. ‘डोळ्यात मांस वाढलंय’ म्हणत ते दवाखान्यात येतात आणि डॉक्टर कागदावर ‘टेरिजियम’ लिहितात.

याच्या शस्त्रक्रियेचा मागोवा घेऊ लागलं की पहिला मुक्काम सुश्रुतसंहितेत पडतो. तिथे या वाढीला ‘अर्म’ म्हटलंय आणि त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत. संहितेच्या ‘उत्तरतंत्र’ या भागाच्या पंधराव्या अध्यायातलं वर्णन आजच्या सर्जनलाही ओळखीचं वाटेल. रुग्णाला स्निग्ध जेवण द्यायचं, मिठाच्या चूर्णाने डोळा चेतवायचा, शेकायचा, त्याला बाहेरच्या कोपऱ्याकडे बघायला सांगायचं. मांसाला वळी पडेल तिथे आकडा अडकवून ते उचलायचं, काळ्या-पांढऱ्या भागापासून सगळीकडून सोडवायचं आणि धारदार शस्त्राने कापायचं. चौथा हिस्सा मात्र राखायचा, कारण आतल्या कोपऱ्याला इजा झाली तर रक्त वाहतं आणि नाडीव्रण, म्हणजे सतत वाहणारी जखम, होतो. कमी कापलं तर मांस लवकरच पुन्हा वाढतं, हेही तिथे स्वच्छ लिहिलंय. मला या सगळ्यात हे शेवटचं निरीक्षण सगळ्यात मोलाचं वाटतं. आजार परत येतो हे ज्याने लिहून ठेवलं, त्याने रुग्णाला ऑपरेशननंतरही पाहिलं होतं.

तिथून विसाव्या शतकापर्यंत मूळ अडचण तीच राहिली. अमेरिकेत मॅकरेनॉल्ड्सने १९०२ साली वाढीचं टोक सोडवून ते खालच्या पातळ आवरणाखाली पुरण्याची पद्धत मांडली. १९४८ साली ऑस्ट्रेलियातल्या डॉम्ब्रेनने मांस काढून खालचा पांढरा भाग तसाच उघडा ठेवायचा मार्ग सांगितला. झटपट, स्वस्त आणि शिकायला सोपी असलेली ही पद्धत जगभर पसरली. भारतातही कित्येक दशकं तीच नेहमीची होती. पण उघड्या जागेवर जखम भरताना तेच मांस पुन्हा चढायचं, आणि दुसऱ्यांदा आलेलं पहिल्यापेक्षा जाड, चिवट असायचं. वेगवेगळ्या अहवालांत ते परतण्याचं प्रमाण चौथ्या हिश्शापासून पार ऐंशी टक्क्यांच्या पुढेही गेलेलं दिसतं. आमच्या घरातल्या मागच्या पिढीने हा अनुभव घेतलाय. ऑपरेशन झालं, डोळा स्वच्छ झाला, सगळे निर्धास्त झाले. आणि मग हळूहळू तोच लालसर कोपरा आरशात पुन्हा दिसायला लागला. ‘कापलं की जास्त वाढतं’ हा लोकांचा समज अशा अनुभवांतूनच पक्का झाला. त्याला अडाणीपणा म्हणणं मला अन्याय्य वाटतं.

वैद्यकाने यावर आधी काढलेले उपाय जहाल होते. स्ट्रॉन्शियम-९० या किरणोत्सारी पदार्थाची चकती कापलेल्या जागेवर टेकवायची, म्हणजे नवीन पेशी वाढणार नाहीत. मांस येणं कमी झालं, पण काही रुग्णांत वर्षांनंतर त्याच जागी डोळ्याचं पांढरं आवरण पातळ पडून झिजलं. मग जपानमधून मायटोमायसिन आलं. हे खरं तर कर्करोगाचं औषध. १९६३ साली तिथल्या डॉक्टरांनी ते टेरिजियमसाठी वापरलं आणि १९८८नंतर अमेरिकेतल्या अभ्यासामुळे ते सर्वत्र गेलं. चारच वर्षांत, १९९२ साली, त्याच्या गंभीर दुष्परिणामांची नोंद झाली. आजही ते जपून, मोजक्या मात्रेत, निवडक रुग्णांना दिलं जातं.

खरी कलाटणी मिळाली ती १९८५ साली. बॉस्टनच्या केन्यन आणि सहकाऱ्यांनी त्याच डोळ्याच्या वरच्या, पापणीखाली झाकलेल्या भागातून पातळ आवरणाचा तुकडा घेतला आणि उघड्या जागेवर शिवला. ५७ डोळ्यांपैकी फक्त तीन डोळ्यांत मांस परत आलं. बुबुळाच्या कडेला असलेल्या मूलपेशी शेताच्या बांधासारखं काम करतात, बाहेरच्या पेशींना आत येऊ देत नाहीत, ही समज त्याच दशकात पक्की होत गेली. बांध फुटला म्हणून मांस आत शिरलं, तर तिथे निरोगी पेशींचं आवरण परत बसवायला हवं. कापलेल्या जागेचं काय करायचं, या प्रश्नाला इतक्या काळाने सरळ उत्तर मिळालं.

हे काम मात्र वेळखाऊ होतं. बारीक टाके घालायचे, आणि ते रुग्णाला दिवसेंदिवस टोचत राहायचे. १९९०च्या दशकात रक्तातल्या प्रथिनांपासून बनलेला फायब्रिन गोंद वापरात आला. टाके गेले, पण खर्च वाढला. २०१०च्या सुमारास आणखी साधी युक्ती रुळू लागली. जखमेतून झिरपणारं रुग्णाचं स्वतःचं रक्त तसंच राहू द्यायचं, त्यावर तुकडा पसरायचा आणि काही मिनिटं कडा दाबून धरायच्या. रक्त साकळतं, तुकडा चिकटतो. तो सरकण्याचा धोका असतो, म्हणून दिवस-दोन दिवस पट्टी. जिथे गोंदाची किंमत रुग्णाच्या आवाक्याबाहेर असते, तिथे मला हे फार मोठं पाऊल वाटतं. ज्यांना पुढे काचबिंदूचं ऑपरेशन लागू शकतं, त्यांच्या डोळ्यातला वरचा भाग राखून तुकडा खालून घेण्याकडेही आता सर्जन लक्ष देतात.

ब्रिस्बेनच्या हर्स्ट यांनी मांसाखालचा थर दूरवर काढून मोठा तुकडा बसवण्याची पद्धत वापरली आणि २०१२ साली हजार शस्त्रक्रियांत फक्त एकदा मांस परतल्याचं नोंदवलं. असा निकाल एकाच निष्णात हाताचा असतो, तो प्रत्येक दवाखान्यात मिळेल असं कुणी समजू नये. तरी टेरिजियम परत येणारच, हे गृहीत धरायचं कारण आता उरलेलं नाही.

नागपूरच्या आसपासच्या गावांत २००६ ते २००८ या काळात तीस वर्षांवरच्या ४७११ जणांचे डोळे तपासले गेले. सुमारे तेरा टक्के लोकांत टेरिजियम आढळलं आणि वयाबरोबर प्रमाण वाढत गेलेलं दिसलं. ऊन हे त्यामागचं मोठं कारण. कानशिलाच्या बाजूने येणारा तिरपा प्रकाश बुबुळातून वळून नेमका नाकाकडच्या कडेवर एकवटतो, हे १९९०च्या दशकात ऑस्ट्रेलियात कोरोनिओ यांनी दाखवलं. म्हणून नुसत्या समोरून झाकणाऱ्या गॉगलपेक्षा बाजूंनी बंद असलेला चष्मा उपयोगी पडतो. बांधकामावर हेल्मेट मागितलं जातं. हा चष्माही त्याच यादीत यायला हवा.

प्रत्येक टेरिजियम कापावं लागत नाही. लहान आणि स्थिर असेल तर थेंब आणि अधूनमधून तपासणी पुरते. ते बुबुळाच्या मध्याकडे सरकू लागलं, चष्म्याचा नंबर बदलू लागला किंवा डोळा वारंवार लाल होऊ लागला की शस्त्रक्रियेचा विचार होतो. मोतीबिंदूही असेल तर आधी टेरिजियम काढून, बुबुळाचा आकार स्थिरावल्यावर लेन्सचं माप घेतलेलं बरं. ऑपरेशननंतर स्टेरॉइडचे थेंब काही आठवडे, हळूहळू कमी करत, घालावे लागतात. रोजंदारीवरचा माणूस डोळा दुखायचा थांबला की ते बंद करतो आणि तपासणीची फेरी चुकवतो, कारण त्या दिवसाची मजुरी बुडते. मांस परत येणार असेल तर ते बहुधा पहिल्या वर्षाच्या आतच दिसू लागतं, तरुण रुग्णांत जास्त. म्हणून त्या फेऱ्या संध्याकाळी, काम सुटल्यावरच्या वेळेत ठेवणारा दवाखाना रुग्णाचा डोळा वाचवण्यात सर्जनइतकाच वाटा उचलतो.