गाडीच्या जाळीवरचा पुठ्ठा : कारण आणि उपाधी



आजचा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसानं गाडीच्या रेडिएटरवर कशाला बोलावं? शंका रास्त आहे. पण आम्ही आयुष्यभर ज्या एका शब्दाभोवती फिरलो, तो ‘कारण’ हा शब्द गॅरेजमध्ये जितका वापरला जातो तितका वर्गातही वापरला जात नाही. ‘गाडी ॲव्हरेज का देत नाही?’ हा शुद्ध कार्यकारणभावाचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर चुकलं तर भुर्दंड खिशाला बसतो.

सध्या एक उपाय बराच बोलला जातो. गाडीच्या तोंडाला जी जाळी असते, तिच्यामागे पुठ्ठा, फ्लेक्सचा तुकडा किंवा फोमची पट्टी बसवायची आणि वारा अडवायचा. दावा दोन गोष्टींचा असतो. एक, इंजिन लवकर गरम होतं. दोन, वाऱ्याचा विरोध कमी होऊन इंधन वाचतं. ज्यांची गाडी सीएनजीवर चालते त्यांना पहिल्या दाव्याचं आकर्षण जास्त, कारण अशा बऱ्याच गाड्या पेट्रोलवर सुरू होतात आणि पाणी ठरावीक तापमानाला पोचल्यावरच गॅसवर जातात. तेवढा वेळ महाग इंधन जळत असतं. तेव्हा ही हौस नाही, रोजच्या पैशाची बाब आहे. म्हणून तिची चेष्टा न करता नीट तपासणी करू.

आधी इंजिनाकडे पाहू. इंधन जाळून जी उष्णता मिळते, तिचा साधारण चौथा ते तिसरा हिस्सा चाकं फिरवायला लागतो. उरलेल्यातला मोठा भाग धुरासोबत जातो आणि दुसरा मोठा भाग पाण्यात जातो. ही उष्णता बाहेर टाकावीच लागते. आपल्याकडे फताटेवाडीला एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा वीजप्रकल्प आहे, त्याला उजनीचं पाणी लागतं ते मुख्यतः याच कामासाठी. तिथे जे काम मोठाले कूलिंग टॉवर करतात, ते गाडीत रेडिएटर करतो. पाणी इंजिनातून उष्णता घेऊन येतं, रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून फिरतं, जाळीतून आलेला वारा ती उष्णता घेऊन जातो.

आता उलट बाजू. इंजिन फार थंड असणंही वाईट. थंड तेल घट्ट असतं, घर्षण वाढतं. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून गाडीचा संगणक थोडं जास्त पेट्रोल सोडतो. घरून निघून चार-सहा किलोमीटरवर नव्या पेठेत जायचं, तिथे तासभर थांबून परत यायचं, अशा फेऱ्यांत गाडीचा बराचसा प्रवास अर्धवट गरम इंजिनावरच होतो. इथपर्यंत पुठ्ठेवाल्यांचं म्हणणं बरोबर आहे.

पण इंजिन बनवणाऱ्यांना हे आधीपासून माहीत होतं. त्यांनी पाण्याच्या वाटेवर एक छोटा राखणदार बसवला आहे, त्याचं नाव थर्मोस्टॅट. त्यात मेण भरलेली धातूची डबी असते. पाणी थंड असेल तोवर झडप बंद. म्हणजे पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरतं, रेडिएटरकडे जातच नाही. पाणी साधारण ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान आलं, की मेण वितळून फुगतं आणि झडप उघडतं. थंड झालं की स्प्रिंग ती परत मिटवते. वीज नाही, संगणक नाही, फक्त मेण.

याचा अर्थ काय, बघा. सकाळी गाडी सुरू केल्यावरच्या पहिल्या काही मिनिटांत गरम पाणी रेडिएटरमध्ये पोचतच नसतं. मग रेडिएटरवरचा वारा अडवून इंजिन लवकर गरम कसं होणार? जे दार आधीच बंद आहे, त्याच्या बाहेर पडदा लावल्यासारखंच हे झालं. थोडा फरक पडतो, नाही असं नाही. बॉनेटखालची हवा जरा उबदार राहते, इंजिनाच्या अंगाला आणि तेलाच्या टाकीला वारा कमी लागतो. उणे २० अंशांत हा फरक मोलाचा ठरतो. कॅनडाच्या थंड प्रांतांत ट्रकच्या जाळीवर चढवायची शिवलेली आवरणं विकतच मिळतात. तिथे इंजिनाला उणे २० पासून ८५ पर्यंत, म्हणजे १०५ अंश चढायचं असतं. सोलापूरच्या जानेवारीतल्या पहाटे ते १५ पासून सुरू होतं, म्हणजे ७० अंश. मे महिन्याच्या दुपारी गाडी उभ्या जागीच ४० अंशांवर असते, चढायचे उरतात फक्त ४५. आपल्याकडे निम्मं काम ऊनच करून ठेवतं.

तरीही काही माणसं छातीठोकपणे सांगतात, ‘पुठ्ठा लावला आणि गाडी पटकन गरम व्हायला लागली, ॲव्हरेजही वाढलं.’ ती खोटं बोलतात असं आम्ही मानत नाही. अनुभव खरा असू शकतो. प्रश्न असा, की त्या अनुभवाचं कारण कोणतं?

इथे आपल्या न्यायशास्त्राची मदत घेऊ. धूर दिसला की अग्नी आहे, हे अनुमान बरोबर. पण उलटं करून ‘जिथे अग्नी तिथे धूर’ म्हटलं तर? चुलीत तसं दिसतं. पण लालभडक तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे आणि धूर नाही. मग चुलीत धूर कशामुळे? लाकूड ओलं आहे म्हणून. हा जो मधला लपलेला घटक, त्याला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त ओल्या इंधनाचं हे उदाहरण विद्यार्थ्यांना शिकवलं जातं. उपाधी ओळखायची खूण सोपी आहे. जिथे जिथे कार्य दिसतं तिथे ती असतेच, पण जिथे जिथे आपण मानलेलं कारण आहे, तिथे ती असेलच असं नाही. सगळ्या धुराच्या जागी ओलं लाकूड सापडतं, सगळ्या अग्नीच्या जागी सापडत नाही.

आता पुठ्ठ्याची उपाधी शोधू. आपल्या उष्ण भागात गॅरेजांमध्ये एक जुनी रीत आहे. गाडी गरम होते अशी तक्रार आली, की थर्मोस्टॅट काढूनच टाकायचा. ‘आपल्याकडे काय बर्फ पडतो? काढा ते.’ झडप अडकलेली असेल तर गाडी उकळते, काढली की उकळायची थांबते, म्हणून ही रीत टिकली. पण राखणदार गेला, की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये फिरू लागतं. जानेवारीच्या सकाळी महामार्गावर अशा गाडीचं इंजिन पुरेसं तापतच नाही. काटा खालीच रेंगाळतो. संगणकाला वाटतं इंजिन अजून थंड आहे, तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. सीएनजीची गाडी असेल तर ती गॅसवर उशिरा जाते. झडप उघडी राहून अडकली तरी हेच घडतं.

अशा गाडीला पुठ्ठा लावा. फरक पडणार! कारण आता वारा खरोखरच इंजिनाची उष्णता पळवत होता. म्हणजे सोलापूरच्या हवेत पुठ्ठ्यानं मोठा फायदा झाला, तर पहिला संशय थर्मोस्टॅटवर घ्यावा. तो नाही, किंवा बिघडला आहे. इथली उपाधी तीच. पुठ्ठा गुणकारी ठरला यातून पुठ्ठ्याची महती सिद्ध होत नाही, गाडीचा आजार कळतो. आणि त्या आजाराचं औषध नवा थर्मोस्टॅट हेच आहे.

दुसरा दावा वाऱ्याच्या विरोधाचा. यात तथ्य आहे. जाळीतून शिरलेला वारा रेडिएटर, पंखा, इंजिन यांना धडकत बाहेर पडतो आणि गाडीला मागे ओढतो. पण वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी ४० वरून ८० वर गेलात तर विरोध चौपट. उलट सात रस्ता ते विजापूर वेस या गर्दीत २०-२५ च्या वेगानं चालताना तो नगण्यच. तेव्हा गावात या कारणासाठी पुठ्ठा लावण्यात अर्थ नाही.

महामार्गाचं काय? सोलापूर ते पुणे साधारण २५० किलोमीटर. गाडी लिटरला २० किलोमीटर देते असं धरलं तर साडेबारा लिटर पेट्रोल लागेल. अर्धी जाळी झाकून इंधनात दीड टक्का बचत होते असं उदारपणे धरून चालू. म्हणजे पाव लिटरपेक्षाही कमी. आता दुसरा हिशेब करा. वेग ९० वरून ८० वर आणला, तर वाऱ्याचा विरोध सुमारे २१ टक्क्यांनी कमी होतो. त्याला पुठ्ठा लागत नाही, फक्त उजवा पाय जरा सैल सोडावा लागतो.

आणि ही दीड टक्का बचत मोजणार कशी? पंपावर टाकी ‘फुल्ल’ केली की नळी आपोआप बंद होते, पण दर वेळी ती नेमक्या त्याच पातळीला बंद होत नाही. मोहोळपर्यंत जाऊन परत आलात, साडेतीन लिटर जळलं, त्यातली दीड टक्का बचत म्हणजे जेमतेम ५० मिलिलिटर. भरण्यातली चूकच त्याहून मोठी! शिवाय जाताना पश्चिमेचा वारा तोंडावर, येताना पाठीवर. टायरमधली हवा वेगळी. आणि सर्वांत मोठं म्हणजे, पुठ्ठा लावलेला माणूस त्या दिवशी मुद्दाम जपून चालवतो. बचत त्या जपण्याची असते, श्रेय पुठ्ठ्याला मिळतं. ही दुसरी उपाधी.

आता धोका. रेडिएटर किती उष्णता टाकू शकतो हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९० आणि हवा १५ असेल तर फरक ७५. मे महिन्यात हवा ४२ असेल तर फरक ४८. म्हणजे जाळी पूर्ण उघडी असतानाही रेडिएटरची एक तृतीयांशाहून जास्त ताकद उन्हानंच काढून घेतलेली असते. त्यात एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच बसवलेला असतो. तो आपली उष्णता त्याच हवेत सोडतो. गाडीत पाच माणसं, डिकीत सामान, समोर तुळजापूरचा घाट. अशा वेळी अर्धी जाळी झाकलेली असेल तर पाणी उकळायला वेळ लागत नाही. हेड गॅस्केट जातं, हेड वाकडं होतं, प्रसंगी इंजिन जाम होतं. पाव लिटरची बचत शेकडो वेळा केली तरी तो खर्च भरून निघत नाही. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत तापमानाचा काटाही नसतो, फक्त लाल दिवा असतो. तो लागतो तेव्हा उशीर होत आलेला असतो.

कोणी म्हणेल, ‘आम्ही फक्त थंडीत लावू.’ पण सोलापूरची थंडी पहाटेपुरतीच असते. सकाळी सहाला १५ अंश, दुपारी दोनला ३०. पहाटे लावलेला पुठ्ठा दुपारी कोण काढणार? पुठ्ठ्याला सकाळ-दुपार कळत नाही. मेणाला कळते. मुख्य भेद हाच आहे. एक वस्तू फक्त अडवते, दुसरी परिस्थिती बघून अडवते किंवा सोडते. जाळी झाकण्याची कल्पना मुळात वाईट नाही. १९३० च्या दशकातल्या रोल्स-रॉइस आणि पॅकार्ड गाड्यांच्या रेडिएटरपुढे तापमानानुसार उघडमीट करणाऱ्या उभ्या झडपा असत. २०१० नंतर अनेक कंपन्यांनी तशाच झडपा संगणकाच्या हवाली करून पुन्हा आणल्या. त्यांनी बंद करण्याची सोय केली, तशी उघडण्याचीही केली. घरगुती पुठ्ठ्यात नेमकी दुसरी अर्धी सोय नसते.

मग करायचं काय? आधी परीक्षा. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करा. बॉनेट उघडून रेडिएटरला वरून येणारा जाड रबरी पाइप कुठे आहे ते मेकॅनिककडून एकदा समजून घ्या. पंख्यापासून हात, ओढणी, पदर लांब ठेवा, आणि गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका. गाडी चालू असताना त्या पाइपला अधूनमधून हात लावून बघा. बरीच मिनिटं तो थंड राहिला आणि मग थोड्या वेळातच चांगला तापला, तर थर्मोस्टॅट आपलं काम करतो आहे. पुठ्ठ्याची गरज नाही. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला, तर झडप उघडी आहे किंवा नाहीच. थर्मोस्टॅट बसवून घ्या, आणि मेकॅनिक ‘लागत नाही हो’ म्हणाला तरी आग्रह धरा. आधीचा थर्मोस्टॅट गाडी गरम होते म्हणून काढला असेल, तर ती का गरम होत होती तेही शोधायला लावा. रेडिएटर तुंबला असेल, पंखा चालत नसेल, पाणी गळत असेल.

दुसरं, सकाळी गाडी दहा मिनिटं जागेवर चालू ठेवून तापवू नका. अर्ध्या मिनिटात निघा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर हलक्या पायानं चालवा. इंजिन चालताना लवकर तापतं आणि तेवढ्या वेळात गाडी पुढेही जाते. तिसरं, छोट्या फेऱ्या जोडा. बँक, भाजी आणि औषधं एका फेरीत आणली तर थंड इंजिनावरचे दोन प्रवास वाचतात. त्यात जेवढं इंधन वाचेल, तेवढं सोलापुरात कुठलाही पुठ्ठा वाचवणार नाही.

कारण शोधताना आपल्या डोळ्यांसमोर जे नवीन केलं असेल तेच कारण वाटतं. पुठ्ठा आपण स्वतः लावलेला असतो, तो दिसतो. थर्मोस्टॅट कोणीतरी चार वर्षांपूर्वी काढलेला असतो, तो दिसत नाही. गॅरेजमध्ये असो की घरात, कुठलाही उपाय लागू पडला की एकदा विचारावं, की इथे ओलं लाकूड कोणतं? एवढा एक प्रश्न आज इथून घेऊन गेलात तर पुष्कळ झालं.

प्रश्न असतील तर अवश्य विचारा.