घड्याळ बरोबर, टायमर चूक

नवी दिल्लीत पुसा इथल्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतली आण्विक घड्याळे भारतीय प्रमाणवेळ राखतात. सायबर सुरक्षा पाहणाऱ्या ‘सर्ट-इन’ या सरकारी संस्थेने 28 एप्रिल 2022 च्या निर्देशात संगणकांची घड्याळे या प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्राच्या (एनआयसी) वेळेशी जुळवायला सांगितली. ते योग्यच आहे. सायबर हल्ल्याचा माग काढताना नोएडा आणि गुरुग्रामच्या सर्व्हरांवरील नोंदी एका क्रमात लागायला हव्यात. पण घड्याळ जुळले की टायमरही अचूक झाला, हा समज मात्र खोटा आहे. ‘किती वाजले’ आणि ‘किती वेळ गेला’ हे कर्नेलपुढचे, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्यापुढचे, दोन निरनिराळे प्रश्न आहेत.

याचा ढळढळीत पुरावा 1 जुलै 2012 चा. त्या पहाटे साडेपाचला जगाच्या प्रमाणवेळेत एक जादा ‘लीप सेकंद’ घातला गेला. लिनक्स कार्यप्रणालीने घड्याळ बिनचूक दुरुस्त केले, पण सूक्ष्म टायमर सांभाळणाऱ्या भागाला ते कळवलेच नाही. तो भाग एक सेकंद पुढे राहिला. सेकंदाहून कमी मुदतीचे टायमर लावताक्षणीच संपू लागले आणि जगभर अनेक सर्व्हरांचे प्रोसेसर विनाकारण राबत राहिले. उपाय काय, तर तारीख-वेळ हाताने पुन्हा भरणे! तेवढ्याने दोन्ही भाग एकमेकांशी जुळत.

मग टायमर अचूक करायला कर्नेलचे ठोके, म्हणजे वेळ मोजण्यासाठी प्रोसेसरला नियमित येणारे व्यत्यय, वाढवले तर? सेकंदाला 250 ठोके असतील तर दोन ठोक्यांत 4 मिलिसेकंदांचे अंतर पडते. 1000 केले तर 1 मिलिसेकंदाचे. पण प्रत्येक ठोका प्रोसेसरचे काम थांबवतो, वीजही खातो. 2007 पासून लिनक्समध्ये ठोक्यांवर न विसंबणारे सूक्ष्म टायमर आहेत, तरीही उशीर होतोच. कारण टायमरची हमी ‘मुदतीआधी उठवणार नाही’ इतकीच असते. प्रोसेसर गाढ निद्रेत असेल, दुसऱ्या कामात गुंतला असेल किंवा आभासी यंत्राला पाळीच मिळाली नसेल, तर पुसाची वेळ काय करणार?

म्हणून टायमर चुकतो अशी तक्रार आली की आधी कर्नेल कोणत्या काउंटरवरून वेळ मोजतो ते पाहावे. प्रोसेसरमधला काउंटर अविश्वसनीय वाटला, तर लिनक्स तो सोडून वाचायला संथ असलेला दुसरा काउंटर धरतो आणि तशी नोंद ठेवतो. ही नोंद न वाचताच हार्डवेअर बदलायला निघणे म्हणजे निव्वळ उधळपट्टी. कालावधी मोजताना तारीख-वेळ दाखवणाऱ्या घड्याळाऐवजी मागे न जाणारे मोनोटॉनिक घड्याळच वापरावे.