एक गुंठा जमीन, अकरा सह्या!

शुक्रवारची संध्याकाळ, ऑफिसची कॅण्टीन आणि तीन कटिंग. माझ्या टीममधल्या मित्राने मोबाइल पुढे सरकवला. स्क्रीनवर हिरवंगार लॉन, मधोमध बंगली, वर टपोऱ्या अक्षरांत 'फक्त एक गुंठा! लवकरच एनए!' हडपसरच्या पुढे, सोलापूर रोडला. हप्ते भरून थकलेल्या आम्हा तिघांना आणखी काय हवं? रविवारी साइट व्हिजिट झाली आणि प्रत्येकी पंचवीस हजार टोकन देऊन आम्ही जमीनदार झालोसुद्धा! आईला फोन करून सांगितलं, तर ती लगेच म्हणाली, "मागे चार वांगी-मिरच्या लावता येतील ना रे?"

त्या वांग्यांनीच मला वाचवलं म्हणायचं!

सातबारा एक, नावं अकरा

आधी थोडं गणित. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १०८९ स्क्वेअर फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. पण शेतजमिनीचा असा एक-एक गुंठा तोडून विकता येतो का? आपल्याकडे १९४७ पासून तुकडेबंदीचा कायदा आहे. ठरलेल्या क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पाडायला तो आडवा येतो. २०२३ मध्ये ही मर्यादा राज्यात बहुतेक ठिकाणी जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे अशी खाली आली. २०२५ मध्ये सरकारने शहरी आणि शहरालगतच्या भागात आधीच पडलेल्या तुकड्यांना नियमित करायची वाट मोकळी केली. पण ही सवलत जुन्या तुकड्यांसाठी आहे. 'आता काय, कायदाच गेला' असं एजंट छातीठोकपणे सांगत असेल, तर जरा जपून!

मग आमचा एक गुंठा विकला कसा जाणार होता? सोपी आयडिया आहे. अकरा गिऱ्हाइकं गोळा करायची आणि अकरा गुंठ्यांचं एकच खरेदीखत करायचं. सातबाऱ्यावर अकराही नावं सामाईक चढतात. चुन्याच्या रेघा मारून दाखवलेला 'तुमचा' प्लॉट कागदावर कुठेच नसतो. उद्या विकायचं म्हटलं, बांधायचं म्हटलं, की उरलेल्या दहा जणांच्या सह्यांसाठी पळा. आणि अशा जागेवर होम लोन? बँकेतला माणूस नुसता हसला.

रस्ता गेला कुठे?

माझ्या ऑफिसमधली मैत्रीण मुळात सिव्हिल इंजिनीअर. तिने एजंटला एकच प्रश्न विचारला, "मोजणीची 'क प्रत' आहे?" 'क प्रत' म्हणजे भूमी अभिलेख खात्याने जागेवर येऊन केलेल्या सरकारी मोजणीचा नकाशा. ही मोजणी मागायचा हक्क खातेदाराचा. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, हद्दीच्या खुणा दाखवल्या जातात. पूर्वी साखळी ओढत मोजायचे, आता सॅटेलाइटवर चालणारा रोव्हर येतो आणि त्याला राज्यभरातल्या ७७ कॉर्स स्टेशन्सची साथ असते. एजंटने दाखवला तो खासगी सर्व्हेअरचा रंगीत प्रिंटआउट. दिसायला झक्कास, पण हद्दीचा वाद निघाला तर त्याच्या भरवशावर राहता येत नाही.

शेवटी आम्ही परत साइटवर गेलो आणि शेजारच्या शेतातल्या काकांना गाठलं. त्यांनी पत्र्याच्या पेटीतून स्वतःच्या गटाची 'क प्रत' काढली. मैत्रिणीने ब्रोशर शेजारी ठेवलं. ब्रोशरमधला वीस फुटी रस्ता चक्क काकांच्या गटातून जात होता! म्हणजे आमच्या प्लॉटला रस्ताच नव्हता.

मातीखाली काय आहे?

निघताना मी सहज विचारलं, "काका, इथे भाजीपाला चांगला येत असेल ना?"

काका हसले. "बाळा, तुमची जागा म्हंजी खड्डा व्हता. दोन वर्सं रातीचे डंपर येत व्हते. त्या इहिरीचं पानी जनावर बी तोंडाला लावत न्हाई."

वर लाल मुरूम, खाली कोणास ठाऊक काय! उरुळी देवाची-फुरसुंगीकरांना हे दुखणं नवं नाही. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं तिथल्या डेपोत पडला, त्यातून झिरपलेल्या काळ्या पाण्याने आसपासच्या विहिरी नासल्या. मुंबईतही मालाडला चिंचोली बंदरच्या जुन्या डंपिंग ग्राउंडवर चकाचक ऑफिसं उभी राहिली आणि २००० च्या दशकात तिथे कॉम्प्युटर, एसी बिघडण्याच्या तक्रारी सुरू झाल्या. कारण होतं गाडलेल्या कचऱ्यातून निघणारे वायू. काच कितीही चमकू दे, जमीन विसरत नाही!

२०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांसाठी वेगळे नियम आणले, त्यात सफाईचा खर्च दूषित करणाऱ्याच्या माथी आहे. पण रात्री डंपर कोणी रिकामा केला हे शोधणार कोण? त्यापेक्षा टोकन देण्याआधी बोअरचं पाणी आणि दोन-तीन फूट खालची माती मान्यताप्राप्त लॅबमध्ये तपासून घ्या. शिसं, क्रोमियम, कॅडमियम यांची टेस्ट सांगून करून घ्यायची.

टोकन देण्याआधी

• डिजिटल सहीचा सातबारा काढा. 'इतर हक्क' हा रकाना आणि जुने फेरफार वाचाच.
• मंजूर लेआउट मागा आणि तो मंजूर करणाऱ्या ऑफिसात जाऊन पडताळा.
• 'क प्रत' हातात घेऊन हद्दीवरून चालत जा. रस्ता कोणाच्या गटात आहे, ते बघा.
• शेजारच्या शेतकऱ्याशी बोला. चहा त्यांच्याकडेच मिळतो, माहितीसुद्धा!

मी आणि मैत्रीण बाहेर पडलो. टोकन बुडालं. तिसऱ्याने मात्र ऐकलं नाही. "तुम्ही लोक फार निगेटिव्ह," असं म्हणून त्याने पीएफ काढून खरेदीखत केलं. आज सातबाऱ्यावर त्याचं नाव अकरापैकी सातवं आहे. दहा सह्यांपैकी चार मिळाल्यात, एक भागीदार दुबईला आहे आणि एक फोन उचलत नाही. हल्ली कॅण्टीनमध्ये तो जमिनीचा विषय काढत नाही, आम्हीही विचारत नाही.

आईने वांगी गॅलरीतल्या कुंडीत लावलीत. माती मात्र तिने स्वतः निवडून आणली!